कुळाचे देणे आणि आपले करणे

मनुष्याच्या वाट्यास जे सुखदुःख येते त्यातील किती त्याने जन्मतः बरोबर आणलेले असते आणि किती त्याने स्वतःच्या हाताने मिळविलेले असते, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकात कुळावरून हिणविले गेले असता कर्ण जे उत्तर देतो, ते थोडेफार संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. कुळ ही दैवाची बाब व पराक्रम ही आपली बाब, अशी तो सरळ वाटणी करून टाकतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात दैव व पुरुषकार यांस रथाच्या चाकांची उपमा दिली आहे. एका चाकावर रथ चालत नाही असा तिचा आशय. नाटककार व स्मृतिकार यांच्या वृत्ती कितीही भिन्न असल्या, तरी दोघांचे एक गृहीत समान आहे. ते असे की दैव आणि पुरुषकार ह्या दोन निरनिराळ्या वस्तू असून, दोन भावांच्या शेतांमध्ये असावा तसा त्यांच्यामध्ये एक बांध आहे. बांधाच्या अलीकडील पिकाबद्दल आपणांस जाब विचारावा, पलीकडील पिकाबद्दल विचारू नये, ही आपली सर्व नीतिकल्पना त्या बांधावर उभी आहे.

आमचा व्यवसाय तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविण्याचा; आम्ही वैद्य नव्हे. तथापि हृदयाच्या स्नायूच्या एका रोगाविषयी गेल्या काही वर्षांत जे संशोधन झाले, ते वाचताना हा बांध आम्हांस जागोजाग खचलेला दिसला. त्याचा नीतीशी काय संबंध पोहोचतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

या रोगाचे वैद्यकीय नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी असे आहे. हृदयाच्या डाव्या बाजूचा जो कप्पा साऱ्या शरीरात रक्त लोटतो, त्याची भिंत, विशेषतः दोन कप्प्यांमधील पडदा, विनाकारण जाड होत जातो. निरोगी माणसात ती भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड असते. प्रौढ माणसात ती १५ मिलिमीटर किंवा अधिक भरली की डॉक्टरांस या रोगाची शंका येते. लंडनमधील डोनाल्ड टीअर नावाच्या शवचिकित्सकाने १९५८ साली या रोगाचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यापासून त्याचा आधुनिक इतिहास सुरू झाला असे मानतात. धडधाकट दिसणारी तरुण माणसे एकाएकी मरण पावतात आणि त्यांचे हृदय उघडून पाहता पडदा वेडावाकडा जाड झालेला आढळतो, हे त्याने नमूद केले. पुढे १९६० साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी हा रोग असलेल्या एका कुटुंबाचाच वृत्तांत छापला. म्हणजे रोग कुळातून उतरतो हे प्रारंभीच ध्यानात आले होते. १९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी कॅनडामधील क्वेबेक प्रांतातल्या फ्रेंचभाषी कुटुंबाच्या रक्तावरून त्याचे एक कारण नेमके दाखवून दिले. स्नायू आकुंचन पावताना जे मायोसिन नावाचे प्रथिन काम करते, त्याच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला होता. तदनंतर अशी आणखी अनेक जनुके सापडली. आईबापांपैकी एकास असा दोष असेल तर प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा. मुलगा असो की मुलगी, थोरले असो की धाकटे. १९९५ साली अमेरिकेतील तरुण स्त्रीपुरुषांच्या पाहणीत दर ५०० माणसांत एकाचे हृदय असे जाड आढळले. रोग दुर्मिळ म्हणावा इतका दुर्मिळ नाही.

येथवरची हकीकत ऐकून कर्ण म्हणेल, हे तर माझेच म्हणणे झाले. कुळाचे देणे ते हेच. परंतु खरी मौज यापुढे आहे. एकाच घरातील दोन भावांस एकच सदोष अक्षर मिळालेले असते. त्यांतील एक विशीत धावता धावता कोसळतो आणि दुसरा ऐंशीव्या वर्षी नातवंडांस पेटी वाजवून दाखवतो. त्या दुसऱ्याचे हृदय तपासले तर कधी जाडी आढळते, कधी ती मुळीच आढळत नाही. अक्षर तेच असता फळ इतके निराळे का, हा प्रश्न संशोधकांस तीस वर्षे छळीत आला आहे. प्रथम त्यांनी इतर जनुकांकडे बोट दाखविले. रक्तवाहिन्या आवळणारे एक द्रव्य शरीरात तयार करणाऱ्या एसीई नावाच्या विकराच्या जनुकात काहींच्या ठिकाणी एक तुकडा असतो, काहींच्या ठिकाणी तो गळलेला असतो, हे १९९० साली कळले. तो गळलेला असणाऱ्यांच्या रक्तात ते विकर अधिक असते. मग हृदयस्नायूच्या रुग्णांत या भेदाची तपासणी सुरू झाली. काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत दिसला नाही. त्या वादात आम्ही शिरत नाही. महत्त्वाची गोष्ट ही की त्या निमित्ताने रक्तदाब हा विषय या रोगाच्या चर्चेत दारातून आत आला.

दारातून आत आला असे म्हणण्याचे कारण, आजवर त्यास मुद्दाम बाहेर ठेवण्यात आले होते. रक्तदाब वाढला की हृदयास अधिक जोराने रक्त लोटावे लागते. तालमीत जाणाऱ्याचा दंड जसा भरतो तशी हृदयाची भिंतही त्या श्रमाने भरते. ही जाडी निराळी, आणि कुळातून आलेली जाडी निराळी, असे वैद्यकशास्त्र मानीत आले. इतकेच नव्हे, तर रोगाची व्याख्याच तशी केलेली आहे: ज्या जाडीचा उलगडा रक्तदाबासारख्या बाह्य भाराने होत नाही ती या रोगाची जाडी. तर्कशास्त्र शिकविणाऱ्यास ही व्याख्या वाचून किंचित हसू येते. दैव व पुरुषकार यांतील बांध निसर्गाने घातला आहे की व्याख्याकाराने, हे कोणी तपासलेलेच नव्हते.

ही तपासणी २०२१ साली झाली, आणि ती ज्या युक्तीने झाली ती सर्वसामान्य वाचकासही समजून घेण्याजोगी आहे. उच्च रक्तदाब असलेल्यांत हृदयस्नायूचा रोग अधिक आढळला, एवढ्याने रक्तदाब हे कारण ठरत नाही. कदाचित रोगामुळेच दाब वाढला असेल, कदाचित दोहोंच्या मुळाशी तिसरेच काही असेल. हा घोळ सोडविण्यासाठी संशोधकांनी जन्माच्याच चिठ्ठ्या उघडल्या. रक्तदाब किंचित वाढविणारी वा किंचित उतरविणारी शेकडो स्थाने मनुष्याच्या जनुकसंचात विखुरलेली आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा लाखांहून अधिक माणसांच्या एका अभ्यासाने त्यांची संख्या ९०० च्या पुढे नेली. आईकडून व वडिलांकडून यांपैकी कोणती प्रत आपल्या वाट्यास यावी हे गर्भधारणेच्या क्षणी केवळ योगायोगाने ठरते. तेव्हा आपण मीठ खाल्लेले नसते, कचेरीत साहेबाची बोलणी ऐकलेली नसतात, कोणताही रोग झालेला नसतो. ज्यांच्या वाट्यास दाब वाढविणाऱ्या चिठ्ठ्या अधिक आल्या, त्यांस पुढे हा हृदयरोग अधिक होतो का, एवढेच पाहावयाचे. उत्तर होकारार्थी आले. ज्या रुग्णांत स्नायूच्या जनुकांचा कोणताही ठळक दोष सापडत नाही, आणि असे रुग्ण अर्ध्याहून अधिक असतात, त्यांच्या बाबतीत रक्तदाबाचा खालचा आकडा हे रोगाचे एक खरे कारण ठरले. तो आकडा संख्याशास्त्रज्ञ ज्यास एक प्रमाणविचलन म्हणतात तितका वर असला की रोगाचा धोका सुमारे चौपट होतो असा हिशेब निघाला.

या युक्तीतील विरोधाभास वाचकांच्या ध्यानात आलाच असेल. रक्तदाब ही आपल्या हातची, औषधाने, आहाराने व चालण्याने आटोक्यात ठेवता येण्याजोगी गोष्ट. आणि ती खरोखर कारण आहे हे सिद्ध झाले ते जन्माच्या चिठ्ठ्यांवरून! जुळ्या भावंडांच्या व कुटुंबांच्या अभ्यासांवरून पाहता माणसामाणसांतील रक्तदाबाच्या फरकापैकी सुमारे ३० ते ५० टक्के फरक वारशाने येतो असे अनुमान आहे. म्हणजे ज्यास आपण पौरुषाचे क्षेत्र म्हणालो त्यात कुळ पाय रोवून उभे आहे, आणि ज्यास कुळाचे क्षेत्र म्हणालो त्यात पौरुषास काम आहे. रथाच्या दोन चाकांची उपमाही येथे अपुरी पडते, कारण चाके निदान निरनिराळी काढून ठेवता येतात.

आता यातून नीतीचे काय होते ते पाहू.

आपल्या घरांत आजारी माणसाविषयी दोन वाक्ये नेहमी ऐकू येतात. पहिले, “आमच्या रक्तातच आहे ते, वडिलांनाही होते.” दुसरे, “त्याने स्वतःच ओढवून घेतले. सांगून ऐकले का कधी?” पहिले वाक्य बहुधा रुग्ण स्वतः बोलतो, दुसरे त्याचे नातलग बोलतात, आणि पुष्कळदा दोन्ही वाक्ये एकाच माणसाविषयी एकाच ओसरीवर बोलली जातात. दोहोंच्या मुळाशी तोच बांध आहे. एकात बांधाच्या आड लपायचे, दुसऱ्यात बांधावर उभे राहून दगड मारायचा.

टायटिन नावाच्या एका प्रचंड प्रथिनाचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. त्याच्या जनुकाची प्रत मध्येच तुटलेली असणे हे हृदय फुगून दुर्बळ होण्याच्या दुसऱ्या एका स्नायुरोगाचे मोठे कारण आहे, असे २०१२ साली आढळले. परंतु असा दोष असणारी कित्येक माणसे आयुष्यभर ठणठणीत असतात. पुढे २०१६ साली असे दिसले की बाळंतपणाच्या सुमारास ज्या स्त्रियांचे हृदय एकाएकी दुर्बळ होते, त्यांच्यातही टायटिनचे असले दोष इतरांहून पुष्कळ अधिक असतात. आणि २०१८ साली मद्यपानाने हृदय बिघडलेल्यांच्या बाबतीतही तेच दिसले. दोष एकच. तो झाकलेला राहतो, आणि भार पडला की उघडा होतो. भार बाळंतपणाचा असला तर आपण त्या स्त्रीविषयी हळहळतो; भार मद्याचा असला तर त्या पुरुषास दोष देतो. मद्यपानाची तरफदारी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु त्याच बाकावर बसून तितकेच पेले रिचविणारे त्याचे मित्र हृदयाने शाबूत राहिले, हे आपण विसरतो. त्यांचे कर्म त्याच्या कर्माहून चांगले नव्हते. त्यांची चिठ्ठी चांगली होती. मग त्याच्या वाट्यास आलेल्या निंदेचा किती भाग त्याच्या कर्माचा आणि किती त्याच्या चिठ्ठीचा?

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या भरीस न पडणे हेच शहाणपणाचे आहे, कारण तो हिशेब कोणासच करता येण्याजोगा नाही. ‘जबाबदारी’ या एका शब्दात आपण दोन अर्थ कोंबले आहेत. एक मागे पाहणारा अर्थ: झाले ते कोणामुळे झाले? दुसरा पुढे पाहणारा: आता करावयाचे ते कोणी करावयाचे? कुळ व करणी यांची गाठ सुटत नसल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही. पण दुसऱ्याचे उत्तर त्याने मुळीच अडत नाही. वडिलोपार्जित घर गळू लागले तर कौले कोणाच्या चुकीने फुटली हे न ठरताही जो त्यात राहतो त्यास ती शाकारावी लागतात. रक्तदाबाच्या रुग्णास “हे तुझ्यामुळे झाले” असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. “हे आता तुला पाहावे लागेल” असे म्हणण्याचा मात्र आहे, आणि तो रोग कुळातून आलेला असला तर अधिकच आहे. ‘रक्तातच आहे’ ही सबब म्हणूनच उलटी आहे. ज्याच्या रक्तात आहे त्याने मोजपट्टा दंडास अधिक वेळा बांधला पाहिजे.

येथे घरातील बायकांच्या वतीने एक गोष्ट बोलून ठेवावीशी वाटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे असे सांगते; लोणचे, पापड व ताटातले वाढीव मीठ यांनी आमची ताटे ती मर्यादा केव्हाच ओलांडतात. डॉक्टरांनी पुरुषास मीठ कमी करावयास सांगितले की त्या दिवसापासून ते पाळण्याचे ओझे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीवर पडते, आणि दाब उतरला नाही तर दोषही तिच्यावरच येतो. पौरुष या शब्दाचा हा एक विचित्र अर्थ आहे की पुरुषाच्या वाटचे करणे दुसऱ्या कोणी करावे. शिवाय एकास जे पथ्य ते दुसऱ्यास चालेलच असे नाही. या रोगाच्या ज्या प्रकारात जाड पडदा हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताची वाट अडवितो, त्यात रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरविणारी काही औषधे अडथळा वाढवू शकतात. शेजाऱ्याची गोळी आपण घेऊन पाहण्याची जी पद्धत आमच्या आळीत आहे ती या रोगात जीवावर बेतू शकते.

व्यक्तीस दोष देण्यात जी घाई होते तीच समूहास दोष देण्यात कशी होते, याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे व ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. स्नायूच्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात, ज्यास शास्त्रज्ञ एमवायबीपीसी३ असे अक्षरांचे कडबोळे करून संबोधतात, पंचवीस अक्षरे गळल्याचा एक भेद भारतीय लोकांत आढळला. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील व इतर संस्थांतील संशोधकांनी २००९ साली जाहीर केले की भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत ही उणीव असून तिच्यामुळे हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे सातपट होतो. शंभरांत चार! सव्वाशे कोटींहून अधिक लोकांच्या देशात त्याचा अर्थ काही कोटी माणसे असा होतो. वर्तमानपत्रांनी साहजिकच त्याचा गाजावाजा केला. आपल्या लोकांचे हृदयच मुळी कच्चे, अशी समजूत काही सुशिक्षित मंडळींतही पसरली, आणि कोठे कोठे ती थोड्याशा समाधानाने बोलली जात असे. कारण जे सर्वांचेच दैव आहे त्याबद्दल सकाळी उठून फिरावयास जाण्याची सक्ती कोणावर नसते.

२०२० साली दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांची जी फेरतपासणी प्रसिद्ध झाली तिने या निकालास कलाटणी दिली. ती पंचवीस अक्षरे गळलेल्यांपैकी थोड्या लोकांत त्याच जनुकात दुसऱ्या ठिकाणी एका अक्षराचा आणखी एक बदल असतो. धोका वाढविणारा आहे तो हा दुसरा बदल. तो नसून केवळ पंचवीस अक्षरांची उणीव असेल, तर या रोगाचा धोका वाढल्याचा ठळक पुरावा उरत नाही. म्हणजे पहिला भेद बहुतांशी संगतीने बदनाम झाला होता. खरा गुन्हेगार त्याच्या टोळीत मिसळून हिंडत होता व पोलिसांनी टोळी धरली होती. (उणिवेची प्रत आईकडून व वडिलांकडून अशा दोन्ही बाजूंनी येणे ही निराळी गोष्ट, तिच्याविषयी हे विधान नव्हे.) पहिल्या संशोधकांस यात दूषण देण्याचे कारण नाही, त्यांनी जे दिसले ते सांगितले, आणि शास्त्र असेच पुढे जाते. परंतु या अकरा वर्षांत एखाद्या तरुणाने ती तपासणी करून घेतली असेल, त्यास ‘सदोष’ असा शिक्का मिळाला असेल, त्यावरून एखादे लग्न मोडले असेल, तर तो शिक्का पुसण्यास कोण गेले असेल? शास्त्राची चूक शास्त्र दुरुस्त करते. समाजाने त्या आधारे घेतलेले निर्णय तसेच राहतात. जन्मावरून माणसांस खुणा करण्याची आपल्या समाजाची सवय किती जुनी व किती क्रूर आहे हे वेगळे सांगावयास नको. तिला प्रयोगशाळेचा नवा दाखला मिळू नये यासाठी फार जपावे लागेल.

कायद्याच्या दरबारातही हा प्रश्न जाऊन आला आहे. विम्याच्या करारात ‘जनुकीय रोग वगळून’ असा एक शब्दप्रयोग असे. नेमक्या याच हृदयस्नायूच्या रोगाने आजारी असलेल्या एका गृहस्थास त्या शब्दांवर बोट ठेवून खर्च नाकारण्यात आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. त्यातील युक्तिवाद आमच्या विषयास धरून आहे: हृदयरोग, उच्च रक्तदाब, मधुमेह या सर्वांतच वारशाचा काही ना काही अंश असतो, तेव्हा इतका सैल अपवाद चालू दिला तर विम्यात उरेल काय? पुढच्याच महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने केवळ जनुकीय अपवादाच्या आधारे मागण्या फेटाळू नयेत असे कंपन्यांस कळविले. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कायद्याचा शेवटचा शब्द काय असेल तो असो. बांध कोठे घालावा हे ठरविता येत नाही, एवढे न्यायासनासही दिसले, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. आपल्या रक्तातील गोष्ट आपली एकट्याची आहे काय? आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी हा प्रसंग आला. थोरल्या भावास चाळिशीत चक्कर येऊन पडण्याचे निमित्त झाले. इको तपासणीत पडदा जाड निघाला. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे सांगितले की सख्खी भावंडे व मुले यांनी हृदयाचा आलेख व इको करून घ्यावे. धाकट्या बहिणीचे लग्न ठरत आले होते. आईने सर्वांस बजावले की अक्षता पडेपर्यंत ही गोष्ट घराबाहेर तर जाऊ द्यावयाची नाहीच, पण तिलाही सांगावयाची नाही. कारण तिला कळले की ती त्या मुलास सांगितल्याशिवाय राहणार नाही. आमचा विद्यार्थी मधला भाऊ. तो सल्ल्यासाठी आमच्याकडे आला होता.

आईची बाजू हलकी नव्हे. निम्मा संभव म्हणजे निम्मा असंभवही. जे कदाचित नाहीच त्यासाठी पोरीचे जुळलेले लग्न का मोडावे? तपासणी लग्नानंतरही करता येईलच. शिवाय आजार थोरल्याचा. तो कोणास सांगावा हा त्याचा अधिकार, आणि त्याने तो आईच्या हवाली केला होता. आम्ही त्यास इतकेच विचारले की दोन महिन्यांत जर ती जिना चढताना पडली तर त्या अधिकाराचे काय करणार? तिच्या हृदयाविषयीची बातमी भावाच्या कागदावर लिहून आली, म्हणून ती भावाची होत नाही. टपालवाल्याने चुकून शेजारच्या घरी टाकलेले पत्र शेजाऱ्याचे होत नाही, तसेच हे. मुलास काय सांगावे, केव्हा सांगावे, हे ठरविण्याचा हक्क तिचा आहे. परंतु तो बजाविण्यासाठी तिला आधी कळले पाहिजे. आई जे राखू पाहत होती ते मुलीचे हित होते यात संशय नाही. तिला मुलीचे मत मात्र नको होते.

लंडनच्या उच्च न्यायालयात २०२० साली असाच एक खटला निकालास निघाला. तेथील रोग मेंदूचा होता, हंटिंग्टनचा. बापास तो असल्याचे डॉक्टरांस कळले होते. मुलगी त्या वेळी गरोदर होती. बापाने तिला सांगण्यास नकार दिला व डॉक्टरांनी त्याचा शब्द राखला. मूल झाल्यावर तिला गोष्ट कळली. न्यायालयाने म्हटले की रुग्णाची गुप्तता आणि मुलीचे हित यांची तोलून पाहणी करण्याचे कर्तव्य डॉक्टरांवर आहे. मात्र प्रत्यक्ष पुराव्यावरून मुलीचा दावा फेटाळला गेला. आम्हांस हा निकाल समंजस वाटतो, पण त्या रोगात व आमच्या विषयात एक भेद आहे, आणि तो नीतीच्या दृष्टीने मोठा आहे. हंटिंग्टनच्या रोगावर आज इलाज नाही; तेथे न कळण्याचा हक्क मागणाऱ्यास आम्ही चटकन चूक म्हणणार नाही. ज्यावर काहीच करता येत नाही ते भविष्य जाणून घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. हृदयस्नायूच्या रोगात मात्र करण्यासारखे पुष्कळ आहे. धोका मोठा असेल तर छातीत बसविण्याचे, हृदयाचा ताल बिघडताच झटका देऊन सावरणारे यंत्र आहे. औषधे आहेत, आणि २०२२ साली मॅव्हाकॅम्टेन हे खास याच रोगासाठी शोधलेले औषध अमेरिकेत मान्य झाले. आणि या सर्वांच्या अलीकडे, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, दंडास पट्टा बांधून दाब मोजणे आहे. इलाज जितका हाताशी, तितके मौन अधिक दोषास्पद.

कोणी म्हणेल की ज्यास ऐकावयाचेच नाही त्याच्या कानीकपाळी ओरडावे काय? नाही. सांगणे म्हणजे दार ठोठावणे. आत ओढून नेणे नव्हे. पाश्चात्त्य देशांतील काही रुग्णालयांत रुग्णास एक पत्र तयार करून देतात. रोगाचे नाव, कोणत्या नातलगांनी कोणती तपासणी करून घ्यावी, कोठे जावे, इतकेच त्यात असते. रुग्णाने ते आपल्या आप्तांस द्यावयाचे. वाचणारा ते वाचून खिशात ठेवू शकतो. ही रीत आमच्याकडे यावी असे आम्हांस वाटते, पण आमच्याकडे तीत एक अडचण येईल. ज्या घरांत वंशावळी जपून ठेवल्या आहेत त्या उघडून पाहाव्या. पणजोबांपासून मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे, अशा फांद्या नीट उतरलेल्या असतात. मुलींच्या जागी बहुतेक ठिकाणी काहीच नसते. फार तर ‘कन्या २, विवाहित’ एवढी नोंद. जनुक मात्र जितके मुलग्यांकडे जाते तितकेच त्या दोन कन्यांकडेही गेले असेल, आणि त्यांच्या नातवंडांपैकी कोणी आज नागपुरास, कोणी बडोद्यास, कोणी कॅलिफोर्नियात असेल. आमच्या त्या विद्यार्थ्याने बहिणीस सांगितले. तिचे इको झाले, आणि मग तो नातलगांची यादी करावयास बसला तेव्हा आत्यांच्या व आजीच्या बहिणींच्या घरांचे पत्ते त्यास कोणीच देऊ शकेना. शेवटी ते मिळाले आईजवळ, लग्नपत्रिका पाठवावयासाठी तिने राखून ठेवलेल्या वहीत.